समुद्रावरचे दुसरे ताट

सिंगापूरच्या मरीना बे क्रूझ सेंटरमधून प्रवासी जहाजे सुटतात ती बहुधा दुपार कलल्यावर. 2012 साली सुरू झालेले हे स्थानक एखाद्या विमानतळासारखे आहे. सामान पट्ट्यावर सोपवायचे, पासपोर्ट दाखवायचा आणि लांब पुलावरून चालत जहाजाच्या पोटात शिरायचे. आत गेल्यावर आपण जहाजात आहोत हे काही वेळ मनाला पटतच नाही. लिफ्ट, दुकाने, नाट्यगृह, पोहण्याचे तलाव, आणि या सर्वांतून वाहणारी हजारो माणसांची जत्रा. मग कधीतरी खिडकीबाहेरच्या उंच इमारती हळूहळू सरकू लागतात आणि नांगर टाकून उभ्या असलेल्या मालवाहू जहाजांची रांग समोर येते. व्यापारी घरातल्या माणसाची नजर तिथे अडखळल्यावाचून राहत नाही. मलाक्काची सामुद्रधुनी ही जगातील अत्यंत वर्दळीच्या जलमार्गांपैकी एक आहे. आपल्या दुकानातील फळीवरचा किती माल याच वाटेने आला असेल, असा विचार मनात येतो.

पण जहाजावरचा पहिला व्यवहार समुद्राशी संबंधित नसतो. तो जेवणाशी असतो. प्रवेशद्वारापासून थोड्याच अंतरावर एक नीटनेटका मंच असतो आणि तिथला हसतमुख कर्मचारी आपल्याला विचारतो, की आज रात्रीसाठी स्पेशालिटी रेस्टॉरंटमध्ये टेबल राखून ठेवू का? पहिल्या रात्री सवलत आहे. तीन रात्रींचे एकत्र पॅकेज घेतल्यास आणखी स्वस्त पडेल. ज्या जहाजाच्या भाड्यात सकाळ, दुपार, संध्याकाळचे जेवण आधीच आलेले आहे, त्याच जहाजावर जेवणासाठी पुन्हा पैसे मोजावेत काय, हा प्रश्न तिथेच उभा राहतो. अलीकडे आपल्या समाजातील अनेक कुटुंबे सिंगापूरहून पेनांग-फुकेतची चार रात्रींची सफर करून येतात. म्हणून या प्रश्नाचा हिशेब एकदा नीट मांडून पाहावा असे वाटले.

समुद्रप्रवास आणि अन्न यांचे नाते आपल्या समाजात नेहमीच काळजीचे राहिले आहे. 1893 साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी यांना आले होते. साधुमर्यादेमुळे त्यांना जाणे शक्य नव्हते, म्हणून महुव्याचे वीरचंद राघवजी गांधी जैन धर्माचे प्रतिनिधी म्हणून गेले. समुद्र ओलांडण्यालाच त्या काळी समाजातून विरोध होता, आणि त्यामागे आहारशुद्धीची चिंता मोठी होती. आज तीच समाजमंडळी जहाजाच्या काउंटरवर उभी राहून 'विदाउट अनियन, विदाउट गार्लिक, विदाउट पोटॅटो' असे निःसंकोचपणे सांगतात. काळ बदलला, काळजीचे स्वरूप मात्र फारसे बदललेले नाही.

जहाजावर वेगळे पैसे घेऊन जेवू घालण्याची प्रथाही जुनीच आहे. 1905 साली हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या 'अमेरिका' या जहाजावर रिट्झ-कार्लटनच्या नावाने असे उपाहारगृह निघाले. पुढे 'टायटॅनिक'वरही एक होते. ते जहाज कंपनी स्वतः चालवीत नव्हती. लंडनमधील उपाहारगृहांचे चालक लुईजी गाट्टी यांना ते चालविण्यास दिले होते आणि तिथले नोकरही त्यांचेच होते. या व्यवस्थेतील एक अट आपल्या वाचकांनी लक्षात घेण्याजोगी आहे. जो प्रवासी नेहमीच्या भोजनकक्षात न जेवता संपूर्ण प्रवासभर या उपाहारगृहातच जेवण्याचे ठरवी, त्याला भाड्यातून ठराविक सूट मिळत असे. म्हणजे जे ताट घेतले नाही, त्याचे दाम परत.

आजच्या जहाजांवर ती सूट नाही. 1990 साली 'क्रिस्टल हार्मनी' या जहाजावर मुख्य भोजनकक्षाखेरीज जपानी आणि इटालियन अशी दोन वेगळी उपाहारगृहे आली. 2000 साली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने ठरलेली वेळ आणि ठरलेले टेबल हे बंधन सैल केले. पुढे प्रत्येक मोठ्या जहाजावर अशा उपाहारगृहांची संख्या वाढतच गेली. यामागे धंद्याचे साधे गणित आहे. भाडे कमी ठेवून प्रवाशाला जहाजावर आणायचे, आणि नंतर पेये, कॅसिनो, किनाऱ्यावरील सहली, स्पा व विशेष भोजन यांतून गल्ला भरायचा. मोठ्या क्रूझ कंपन्यांच्या उत्पन्नात भाड्याखेरीजच्या या विक्रीचा वाटा साधारण तिसऱ्या हिश्शाइतका असतो. तेव्हा दारातला तो हसतमुख कर्मचारी आपले स्वागत करीत असतो हे खरे, पण तो पेढीवरही बसलेला असतो.

आता प्रत्यक्ष हिशेब पाहू. अशा एका जेवणाचा दर जहाजाप्रमाणे माणशी साधारण 30 ते 80 डॉलर असतो. काही ठिकाणी त्याहूनही अधिक. त्यावर सेवाशुल्क वेगळे. रॉयल कॅरिबियनवर ते 18 टक्के आहे, नॉर्वेजियनवर 20 टक्के. समजा, दर 40 डॉलर आहे. 18 टक्के धरून माणशी 47.20 डॉलर होतात. आठ माणसांच्या कुटुंबाचे 377.60 डॉलर. डॉलर 85 रुपये धरला तरी एका वेळच्या जेवणाचे 32,000 रुपयांच्या वर जातात, आणि आपल्या कार्डावर बँक परकीय चलनाचे शुल्क लावते ते निराळेच. मुलांना बहुतेक ठिकाणी सवलत असते, ती यातून वजा करावी. त्याच वेळी दोन मजले खाली मुख्य भोजनकक्षात आपले आठ जणांचे टेबल रिकामे असते. त्याचे दाम भाड्यात कधीच दिलेले असतात आणि ते परत मिळणारे नसतात.

याहून महत्त्वाचा मुद्दा असा, की या 40 डॉलरांत माल कोणता आहे? ठराविक दराच्या उपाहारगृहात दर ठरतो तो तिथल्या सर्वांत महागड्या पदार्थावरून. स्टेकहाउसमध्ये तो मांसावरून ठरतो, जपानी उपाहारगृहात माशावरून. शाकाहारी माणूस तिथे टोमॅटोचे सूप, भाजलेल्या भाज्या आणि फळे खाऊन उठतो, पण किंमत मोजतो ती शेजारच्या टेबलावरच्या ताटाची. व्यापाराच्या भाषेत, ज्या मालाची उचलच नाही त्याचे बिल आपण चुकते करतो. ज्या ठिकाणी प्रत्येक पदार्थाचा दर वेगळा लावलेला असतो, तिथे हा दोष राहत नाही. म्हणून दरपत्रक आधी मागून पाहावे.

दुसरा मुद्दा स्वयंपाकघरातला. मेन्यूवर हिरव्या अक्षरात 'व्हेजिटेरियन' असे लिहिलेले असले, तरी ते आपल्या अर्थाने शुद्ध असेलच असे नाही. इटलीचे पार्मिजानो रेज्जानो हे चीज वासराच्या जठरातील रेनेट वापरूनच बनते. ताज्या पास्त्यात बहुधा अंडे असते. थाई पदार्थांत फिश सॉस, चिनी पदार्थांत ऑयस्टर सॉस, जपानी मिसो सूपमध्ये माशाचा अर्क, आणि गोड पदार्थांत जिलेटिन असू शकते. तेप्पान्याकीच्या तव्यावर तर मांस आणि भाजी एकाच पृष्ठभागावर परततात. या गोष्टी विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. त्यात फसवणुकीचा हेतू नसतो. त्यांच्या व्याख्येत ते पदार्थ शाकाहारीच असतात.

तिसरा मुद्दा सूर्याचा आहे, आणि माझ्या मते तोच निर्णायक आहे. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर असल्यामुळे तिथे सूर्यास्ताची वेळ वर्षभर फारशी बदलत नाही. ती सातच्या आसपासच राहते. रेखांशाच्या मानाने पाहिले, तर तिथला सूर्य याहून बराच लवकर मावळला पाहिजे. परंतु 1982 पासून तिथले घड्याळ भारतापेक्षा अडीच तास पुढे ठेवलेले आहे. त्यामुळे चौविहार पाळणाऱ्याला घड्याळात थोडी उसंत मिळाल्यासारखी वाटते. पण पोट भारतीय वेळेवरच चालत असते. संध्याकाळी साडेसहाला ताट समोर येते, तेव्हा घरी चार वाजलेले असतात आणि दुकानात दुपारचा चहा नुकताच झालेला असतो. बरीच स्पेशालिटी रेस्टॉरंट्स साडेपाच-सहाच्या सुमारास उघडतात आणि तिथले जेवण एकामागून एक पदार्थ वाढीत दीड-दोन तास चालते. जे सूर्यास्तापूर्वी दोन घटिका, म्हणजे 48 मिनिटे आधी पाणीही वर्ज्य करतात, त्यांना सव्वासहापर्यंत उठायचे असते. सहाला दार उघडणाऱ्या उपाहारगृहात त्यांच्या वाट्याला येतात अवघी पंधरा मिनिटे आणि वाढप्यांची धावपळ.

आमच्या घरात हा प्रश्न कागदावरचा राहिला नाही. आम्ही आठ जण होतो : आई, आम्ही दोघे भाऊ, घरातल्या दोघी सुना आणि तीन मुले. थोरला पुतण्या याच वर्षी दुकानात बसू लागला आहे. आपल्या पहिल्या कमाईतून आजीला जहाजावरच्या सर्वांत चांगल्या ठिकाणी जेवू घालायचे, असे त्याने निघण्यापूर्वीच मनाशी ठरवले होते. पहिल्याच संध्याकाळी तो टेबल राखण्यासाठी निघाला. आईचा चौविहार चाळीस वर्षांचा. नातवाचे मन मोडायचे नाही, म्हणून ती म्हणाली, "तुम्ही सगळे जा. मी खोलीत बसून समुद्र बघेन." तिने ते सहज म्हटले; पण ज्याच्यासाठी बेत, तेच माणूस बेताबाहेर राहणार होते. नाही म्हणावे तर मुलाची हौस मरते, हो म्हणावे तर आजी एकटी राहते किंवा संकोचापोटी तिच्या व्रतावर ताण येतो. पैशाच्या हिशेबाहून हा हिशेब अवघड होता.

आम्ही त्या रात्री मुख्य भोजनकक्षातच जेवलो. तिथे जैन भोजनाची सूचना प्रवासाच्या कित्येक आठवडे आधी नोंदवलेली होती. हेड वेटर टेबलापाशी आला, वही काढून बसला, आणि दुसऱ्या दिवशी काय हवे ते त्याने आजच विचारून घेतले. ही पद्धत अनेक जहाजांवर आहे. विशेष आहार घेणाऱ्याने एक दिवस आधी पदार्थ सांगितले, की स्वयंपाकघराला कांदा-लसूण-कंदमुळे वगळून वेगळे शिजवायला सवड मिळते. वरण, भात, दुधीची भाजी, फुलके आणि दही असे साधे जेवण होते. ते घरच्यासारखे होते असे म्हणणार नाही, पण गरम होते, वेळेत होते, आणि त्यासाठी एक डॉलरही अधिक द्यावा लागला नाही.

पेनांगला जहाज लागले तेव्हा आम्ही जॉर्जटाउनच्या जुन्या रस्त्यांवरून फिरलो. मलाक्कासह हे शहर 2008 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. चिनी पेढ्या, तमिळ व्यापाऱ्यांची दुकाने, मशिदी आणि मंदिरे एकमेकांना खेटून उभी आहेत. मसाल्याच्या आणि कापडाच्या दुकानांत बसलेली माणसे पाहून आपल्याकडच्या जुन्या बाजारपेठेची आठवण येते. तिथून आम्ही शहाळी आणि मँगोस्टीन घेतली आणि संध्याकाळच्या जेवणासाठी वेळेत जहाजावर परतलो. फुकेतच्या वाटेवर आईने एक गंमत दाखवली. जहाजाचे घड्याळ सिंगापूरचेच होते, आणि आम्ही पश्चिमेकडे सरकत होतो. त्यामुळे सूर्य रोज थोडा उशिरा मावळत होता. खोलीत येणाऱ्या दैनिक पत्रकात सूर्यास्ताची वेळ छापलेली असे. आई ती चष्मा लावून वाची आणि पच्चक्खाणाची वेळ ठरवी. समुद्रावर डोंगर नाही, इमारत नाही. सूर्य पाण्याला टेकतो तो क्षण उघड्या डोळ्यांनी दिसतो. असा स्वच्छ सूर्यास्त तिला आयुष्यात प्रथमच पाहायला मिळत होता.

पुतण्याने मात्र बेत सोडला नव्हता. परतीचा चौथा दिवस संपूर्ण समुद्रावरचा होता, आणि अशा दिवशी काही स्पेशालिटी रेस्टॉरंट्स दुपारीही उघडतात, रात्रीपेक्षा बऱ्याच कमी दरात. त्याने आदल्या दिवशी इटालियन उपाहारगृहात जाऊन तिथल्या आचाऱ्याची भेट घेतली. आमच्या आहाराचे नियम एका कागदावर लिहून दिले : कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मश्रूम, अंडे, मध, जिलेटिन आणि रेनेटचे चीज नको. आचारी इटलीचा नव्हता, केरळचा होता. त्याला 'जैन' हा शब्द नवा नव्हता. मुख्य स्वयंपाकघरात हजारो ताटे निघतात, इथे साठ-सत्तर. म्हणून आमच्यासाठी वेगळे भांडे ठेवणे त्याला शक्य होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला आम्ही आठही जण खिडकीजवळच्या टेबलाशी बसलो. टोमॅटो आणि तुळशीच्या जातीच्या बेसिलचे सूप, अंड्याशिवायचा सुका पास्ता, सिमला मिरची, झुकिनी, ऑलिव्ह तेल, आणि शेवटी फळे. पदार्थ चांगले होते. अपूर्व होते असे म्हणण्याचा मोह मी टाळतो. आईने तीनच द्रव्ये घेतली, पोटभर जेवायच्या थोडे आधीच हात आवरला, आणि थर्मासमधले उकळलेले पाणी प्यायली. पर्समध्ये बरोबर आणलेला खाकरा तिला काढावा लागला नाही. ताटांत काही उरले नाही. बुफेमध्ये आदल्या दिवशी लोकांनी भरून घेतलेली आणि अर्धवट टाकून दिलेली ताटे पाहून ती अस्वस्थ झाली होती. इथे मोजून वाढले जात होते, याचे तिला बरे वाटले. उठताना ती नातवाला म्हणाली, "अरे, आपल्या घरात सगळे एका वेळी कधी जेवतात? एक दुकानात, एक शाळेत, एक गोडाउनवर. आज सगळे होते."

व्यापारी कुटुंबातील प्रत्येकाला हे ठाऊक आहे. दुपारचा डबा गल्ल्यामागे बसून संपतो, रात्रीचे शटर नऊला पडते, आणि चौविहार करणारी माणसे तोवर जेवून उठलेली असतात. एकाच छताखाली राहूनही तीन पिढ्या एका पंगतीला बसतात त्या सणावारी, नाहीतर लग्नकार्यात. त्या दुपारी पैसे दिले गेले ते पास्त्यासाठी नव्हे. एका आचाऱ्याच्या लक्षपूर्वक श्रमासाठी आणि दीड तासाच्या निवांत पंगतीसाठी. तेवढ्यापुरता तो सौदा रास्त होता. तेच पैसे पहिल्या रात्री दिले असते, तर आजीला वगळून घेतलेली ती महागडी भाजी ठरली असती.

श्रावकाच्या बारा व्रतांत भोगोपभोग-परिमाण आणि अनर्थदंड-विरमण ही दोन व्रते आहेत. पहिले म्हणते, भोगाला माप ठेवा. दुसरे म्हणते, निष्कारण हिंसा आणि अपव्यय टाळा. दिशांनाही मर्यादा घालणारे दिग्व्रत त्यातच आहे, म्हणजे प्रवास करणाऱ्याचा विचार शास्त्रकारांनी केलाच होता. जहाजावर या व्रतांची परीक्षा घरापेक्षा अधिक होते, कारण तिथे सर्व काही समोर मांडलेले असते आणि खिशातून रोख पैसा निघत नाही. फक्त एक कार्ड टेकवायचे असते. हिशेब दिसतो तो शेवटच्या रात्री. म्हणून बिल रोज पाहावे, आणि सेवाशुल्क दोनदा लागलेले नाही ना, याची खात्री उतरण्यापूर्वीच करून घ्यावी.

जाणाऱ्या कुटुंबांसाठी सार थोडक्यात सांगतो. तीन-तीन रात्रींचे पॅकेज शाकाहारी कुटुंबाने सहसा घेऊ नये. स्टेकहाउस आणि तेप्पान्याकी यांच्याकडे वळूच नये. मुख्य भोजनकक्षात लवकरची पाळी मागावी आणि जैन आहाराची नोंद लेखी करून तिचे उत्तर जपून ठेवावे. मुंबईहून 2021 पासून निघणाऱ्या कॉर्डेलिया क्रूझेसच्या जहाजावर जैन भोजन मिळते, त्यामुळे प्रथमच समुद्रप्रवास करणाऱ्या वडीलधाऱ्यांना तो मार्ग सोपा पडेल. आणि एखादे दुसरे ताट घ्यायचेच असेल, तर समुद्रावरच्या दिवशी, दुपारी, आचाऱ्याशी आधी बोलून, आणि घरातले सर्वांत वडील माणूस टेबलावर असेल तरच घ्यावे.

निघण्यापूर्वी एका कागदावर सूर्यास्ताची वेळ आणि उपाहारगृह उघडण्याची वेळ शेजारीशेजारी लिहून पाहाव्यात. पुष्कळसा निर्णय त्या दोन आकड्यांतच होऊन जातो.